असईचा गोळा

पहिला दिवस, पॅरिस

लेक ब्रसेल्सला शिकायला गेली तेव्हापासून तिच्याकडे जायचं घाटत होतं. बायकोनं बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं भरलं. मी वॉटर्लूचा नकाशा भरला. "लेकीला भेटायला चाललोय का नेपोलियनला?" हे विमानतळावरच विचारून झालं. मी बोर्डिंग पास शोधत असल्याचं दाखवलं.

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवतोय. फ्रेंच राज्यक्रांती दरवर्षी येते आणि चार-पाच तासिकांत उरकते. नेपोलियन पाच गुणांपुरता उरतो. तेव्हा लढाई राहू द्या, निदान बॅस्टिल तरी डोळ्यांनी पाहू, म्हणून उतरल्या दिवशीच झोपेच्या धुंदीत तिकडे गेलो. तर तिथे तुरुंग नाही. हे मला माहीत होतं, वर्गात सांगतोही, तरी चौकात उभं राहून नजर तोच शोधते. मधोमध उंच खांब आहे, पण तो 1789 चा नव्हेच, 1830 च्या क्रांतीत मेलेल्यांचा. जुन्या तुरुंगाच्या भिंती कुठून जात होत्या ते रस्त्यावरच्या फरशीत आखून ठेवलंय आणि त्यावरून सायकली जातात. खाली मेट्रोच्या पाच नंबर मार्गाच्या फलाटावर पायाचे थोडे दगड दिसतात. बाकीचे बरेच दगड सेन नदीवरच्या कॉन्कॉर्ड पुलात गेले.

आणखी थोडे गेले ते पालॉय नावाच्या कंत्राटदाराकडे. पाडकामाचं काम यानं घेतलं आणि त्याच दगडांतून छोट्या छोट्या बॅस्टिल कोरून घेऊन फ्रान्सच्या सगळ्या विभागांना एकेक धाडून दिली. त्यातला नमुना कार्नाव्हाले संग्रहालयात काचेआड आहे. 14 जुलैला आत सातच कैदी होते. कैद्यांपेक्षा खेळण्यातल्या बॅस्टिल जास्त सुटल्या, असं मी म्हणालो. बायको हसली नाही. तिला जेट लॅग होता.

दुसरा दिवस, पॅरिस

इन्व्हॅलिड्स, म्हणजे नेपोलियनची समाधी. सोनेरी घुमटाखाली जमिनीत गोल खड्डा, आणि खड्ड्यात लालसर दगडाची प्रचंड पेटी. 1821 मध्ये सेंट हेलेनावर मेलेला माणूस 1840 मध्ये इथे आणला आणि समाधी पुरी व्हायला 1861 उजाडलं. वरच्या कठड्यावरून डोकावायचं तर मान खाली घालावीच लागते. खाली भोवतीच्या फरशीत आठ लढायांची नावं आहेत: रिव्होली, पिरॅमिड, मारेंगो, ऑस्टर्लिट्झ, येना आणि पुढच्या. वॉटर्लू अर्थातच नाही.

शाळेच्या सहली होत्या, जपानी म्हातारे होते, आणि तिरक्या टोपीची नक्कल घातलेला एक पोरगा बापाच्या खांद्यावर बसून डुलक्या घेत होता. इथल्या लोकांनाही या माणसाचं नक्की काय करावं ते उमगलेलं दिसत नाही. 2021 मध्ये त्याच्या मृत्यूला 200 वर्षं झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ इथे आले. पण हा उत्सव नव्हे, फक्त स्मरण, हे बजावून सांगावं लागलं. क्रांतीनं 1794 मध्ये बंद केलेली वसाहतींतली गुलामगिरी यानंच 1802 मध्ये परत चालू केली होती. 2021 मध्येच एका कलावंतानं समाधीच्या वर नेपोलियनच्या घोड्याचा नकली सांगाडा टांगला होता आणि त्यावरून बरीच जुंपली. दुसरीकडे 2023 च्या नोव्हेंबरात त्याची एक टोपी लिलावात 19 लाख 32 हजार युरोंना गेली. रुपयांत किती, हे बायकोनं मोबाइलवर काढलं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

शेजारच्या सैनिकी संग्रहालयात त्याचा विझीर नावाचा घोडा भुसा भरून ठेवलाय. अंगावरची कातडी जुन्या सोफ्यासारखी. मी मात्र तोफगोळ्यांच्या कपाटापाशीच जास्त रेंगाळलो. कारण असला एक गोळा आमच्या घरी आहे.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, भोकरदनकडे, जुई नदीच्या अलीकडे. आजोबांना नांगरताना तो सापडला. आजीनं ओसरीच्या दाराला तो टेकू म्हणून लावला आणि आजतागायत तो तिथेच आहे. आम्ही भावंडं लहानपणी तो लोटत खेळायचो. 23 सप्टेंबर 1803 ला त्या मुलखात इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यात असईची लढाई झाली हे मला दहावीनंतर कळलं. वर्गात शिकवतो तेव्हा निम्मी मुलं पेपरात "वसईची लढाई" लिहितात. तह वसईचा, लढाई असईची, हे फळ्यावर दोनदा लिहूनही.

तिसरा दिवस, ब्रसेल्स

आगगाडीनं दीड तासात ब्रसेल्स. लेक स्टेशनवर आली होती. ती बारीक झालीये, हे एक सोडलं तर दिवसभरात नोंदवण्यासारखं काही नाही. रात्री मेतकूट-भात.

चौथा दिवस, वॉटर्लू

लढाई ज्या गावाच्या नावावर आहे त्या गावात ती झालीच नाही, इथून सुरुवात. झाली ती दक्षिणेला चारेक किलोमीटरवर, मॉन-सॅं-जॉंच्या माळावर, आणि बरेच फ्रेंच लोक अजून तेच नाव घेतात. पण नेपोलियनला हरवणाऱ्या इंग्रज सेनापती वेलिंग्टनचा मुक्काम वॉटर्लूच्या खाणावळीत होता आणि त्यानं खलित्यावर तेच नाव घातलं. नाव जिंकणाऱ्यानं ठेवायचं असतं. त्या खाणावळीत आता संग्रहालय आहे. वेलिंग्टनच्या बिछान्यावर त्याचा साहाय्यक गॉर्डन रात्रभर तळमळत मेला आणि साहेब स्वतः दुसरीकडे पथारी टाकून पडले. अशा छोट्या खोलीत मोठा इतिहास जरा जवळचा वाटतो.

वेलिंग्टनच्या घोडदळाचा प्रमुख लॉर्ड अक्सब्रिज, त्याचा पाय इथेच समोरच्या घरात कापला. घरमालकानं तो बागेत पुरला, वर दगड बसवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवू लागला. लोक पैसे देऊन बघायचे. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखे लोक तेव्हापण होते." होतेच. लढाईला महिना उलटायच्या आत इंग्लंडहून हौशी मंडळी येऊ लागली होती आणि गावकरी त्यांना गोळ्या, बटणं, बिल्ले विकत होते. सगळं खरं होतं असं नाही. या हौसेचं वय लढाईएवढंच आहे. आपल्याला उगाच वाटतं की ती टीव्ही आणि यूट्यूबनं काढली.

दुपारी सिंहाच्या टेकडीवर गेलो. 226 पायऱ्या, म्हणजे पर्वतीच्या दुप्पट आणि वर वीस. बायकोनं खालीच वाफल घेऊन बाक पकडला. नेदरलँड्सच्या राजाचा मुलगा इथे खांद्याला गोळी लागून जखमी झाला, एवढ्यासाठी 1826 पर्यंत खपून ही चाळीसेक मीटर उंचीची टेकडी रचली आणि वर 28 टनांचा बिडाचा सिंह बसवला. माती आजूबाजूचीच खणून आणली. गंमत अशी की वेलिंग्टन ज्या चढाच्या आडोशाला फौज लपवून ठेवून जिंकला, तो चढच या खोदाईत बराचसा गेला. माझं रणांगण यांनी बिघडवलं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. स्मारकापायी ज्याचं स्मारक तेच खणून काढणं आपल्यालाही नवं नाही.

वरून मात्र सगळं एका नजरेत मावतं, आणि तेच धक्कादायक आहे. केवढंसं रान आहे! गहू, बटाटा, मधून रस्ता. 18 जून 1815 ला, रविवारी, वेलिंग्टनचे 68 हजार आणि नेपोलियनचे 73 हजार या पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यात कोंबले होते. दुपारनंतर डावीकडून वेलिंग्टनचे दोस्त, ब्ल्यूखरचे प्रशियन येत राहिले ते वेगळेच. आदल्या रात्री पाऊस धो धो पडला होता. चिखलात तोफा हलेनात आणि गोळे टप्पा खायच्या ऐवजी रुतत होते, म्हणून सुरुवातच साडेअकराला झाली. आमच्याकडच्या काळ्या रानात जूनच्या पावसानंतर कुणी बैलगाडी घातली असेल, तर त्याला हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

खाली 1912 चं गोलाकार चित्र आहे, 110 मीटर लांब आणि 12 मीटर उंच. मधोमध उभं राहिलं की चहूकडून घोडदळ अंगावर येतं. 2015 मध्ये द्विशताब्दीसाठी जमिनीखाली बांधलेलं नवं संग्रहालयही चकचकीत आहे, पण मला ते जुनं, धुळकट चित्रच आवडलं. दुकानात मात्र हसू आवरेना. टेकडीवर सिंह जिंकणाऱ्यांचा, आणि दुकानात टोप्या, मग, चुंबकं, साबण सगळं हरलेल्याचं. वेलिंग्टन शोधावा लागतो. एक नाणं मात्र मी घेतलंच, अडीच युरोचं. 2015 ला बेल्जियमनं वॉटर्लूचं दोन युरोचं नाणं काढायचं ठरवलं, तर फ्रान्सनं हरकत घेतली आणि पाडलेली नाणी मोडीत गेली. मग बेल्जियमनं नियमातली पळवाट काढून अडीच युरोचं पाडलं, जे फक्त बेल्जियममध्येच चालतं. 200 वर्षांनंतर सुट्या पैशांवरून भांडण! आपण पानिपतावरून भांडतो तेव्हा लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

पाचवा दिवस, शनिवार, ऊगोमॉं

आज रीएनॅक्टर, म्हणजे जुने पोशाख घालून लढाई करून दाखवणाऱ्या हौशी मंडळींच्या छावण्या. फ्रेंचांची ल कायूला, जिथे नेपोलियननं लढाईआधीची रात्र काढली. इंग्रज आणि दोस्तांची ऊगोमॉंच्या वाड्यावर. हा वाडा म्हणजे विटांच्या भिंतींचं मोठं शेतघर. लढाईची सुरुवात इथे झाली आणि दिवसभर इथलं भांडण मिटलं नाही. उत्तरेचा दरवाजा एकदा फ्रेंचांनी कुऱ्हाडीनं फोडला आणि काही जण आत घुसले. मॅकडोनेल हा ब्रिटिश अधिकारी आणि त्याच्या सोबत्यांनी खांदे लावून तो पुन्हा लोटला. जे आत अडकले ते कापले गेले. एक ढोलकं वाजवणारा पोरगा तेवढा सोडला म्हणतात. मी त्या दरवाजावर हात ठेवला. नंतर कळलं की दरवाजा नवाच आहे, वाड्याची डागडुजी 2015 मध्ये झालीय. खरे साक्षीदार बाहेर उभे आहेत, चेस्टनटची जुनी झाडं. त्यातलं एकच अजून पालवतं.

छावणीत गवताचा पेंढा, पांढऱ्या कापडाच्या राहुट्या, काळ्या दारूचा अंडी कुजल्यासारखा वास आणि मोठमोठी पातेली. माणसं साठीची, तिशीची, बायकाही पुष्कळ. नेपोलियनच्या रक्षकांच्या पोशाखात जर्मन निघतात, इंग्रज पलटणीत बेल्जियन निघतात. एका बाईनं सांगितलं की तिच्या कोटाची सगळी काजं हातशिलाईची आहेत. यंत्राचा टाका दिसला तर आमच्याकडचे जुने लोक बोलतात, म्हणाली. आमच्या दिंडीत टाळाची दोरी नायलॉनची असली की माळकरी जसं बघतात, तसंच. मला वाटलं होतं युद्धखोर लोक भेटतील. भेटले ते शिंपी, आचारी आणि बटणांवर वाद घालणारे.

दुपारी एक छोटी चकमक करून दाखवली. गोळी नसते, नुसती दारू. दारू ठासायचा गजही बंदुकीच्या नळीत घालत नाहीत, कारण घाईत कुणी तो विसरला तर बाणासारखा सुटायचा. मरायची कुणाला घाई नसते. शेवटची काडतुसं संपली की मग बरेच जण सोयीस्कर सावलीत पडतात. एक मेलेला माणूस आमच्या समोर चष्मा पुसत होता. बायको पहिल्यांदाच मनापासून हसली. पण सगळ्या रांगेनं एकदम बार काढला तेव्हा तिनं लेकीचा हात धरला, आणि धूर निवेपर्यंत सोडला नाही.

तिथेच एक हायलंडर भेटला, म्हणजे जुन्या स्कॉटिश शिपायाच्या वेशातला माणूस. गुडघ्याच्या वर घागरा, लाल डगला, दाढी पांढरी. स्कॉटलंडमधला निवृत्त पोस्टमन. कुठून आलात, विचारलं. भारत म्हटलं की पुढे मुंबई, दिल्ली किंवा ताजमहाल येतो, म्हणून मी मोघमच म्हटलं, महाराष्ट्र, जालना जिल्हा. तर हा म्हणाला, "असईजवळ?"

मी गप्पच झालो. मग त्यानं मातीत काठीनं दोन नद्या काढल्या, केळणा आणि जुई. शिंद्यांची छावणी लांबवर पसरलेली. वाटाड्ये म्हणत होते नदी ओलांडायला उतार नाही. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली. मग गावकरी एकमेकांकडे जात कसे असतील? म्हणजे उतार आहे, असं त्यानं ताडलं आणि फौज घातली. वेलस्ली म्हणजे हाच, पुढचा वेलिंग्टन. त्या दिवशी त्याचा एक घोडा गोळीनं पडला आणि दुसऱ्याला भाला बसला. वॉटर्लूला दिवसभर एकाच घोड्यावर होता आणि दोघांनाही ओरखडा नाही. सोळाशेच्या आसपास त्याची माणसं पडली किंवा जखमी झाली. 74 व्या हायलंडर पलटणीला असईच्या तोफांनी तर झोडपूनच काढलं. त्या तोफा शिंद्यांच्या कंपूच्या, म्हणजे कवायती पलटणींच्या, द बॉयन या युरोपी सेनानीनं घडवलेल्या तोफखान्याच्या. त्या दिवशी कंपूंचा मुख्य पोलमन होता, हानोव्हरचा. "आणि हानोव्हरचेच लोक इथे आमच्या बाजूनं लढले," असं म्हणून त्यानं रस्त्याकडेच्या ला हे सॅंतच्या शेतघराकडे बोट केलं.

म्हातारपणी वेलिंग्टनला कुणी विचारलं की लढाईत तुम्ही सगळ्यात भारी काय केलंत, तर तो म्हणाला असई. वॉटर्लू नाही. हे मला माहीत होतं, वर्गात सांगतोही. पण हायलंडरनं पुढे विचारलं, "तो उतार आता कसा आहे? पाणी किती असतं सप्टेंबरात?"

मला सांगता येईना. लग्नाकार्याला, मयतीला, वाटणीच्या कामाला त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलोय. गाडी थांबवून खाली उतरलेलो नाही. हा माणूस कधी भारतात आलेला नाही आणि त्याला जुईचं पाणी किती ते हवंय. तो म्हणाला, आमच्याकडे त्या पलटणीचे वारस अजून 23 सप्टेंबर पाळतात आणि कंपनी सरकारनं दिलेलं जादा निशाण क्वार्टरमास्तरच्या हाती देतात. तुमच्याकडे काय करतात?

काहीच नाही, म्हणालो. नंतर रात्री विचार करत पडलो. पानिपतला आपण 14 जानेवारीला जातो, हरलो होतो तरी. तिथे भाऊ आहे, विश्वासराव आहे, जनकोजी आहे, रडायला माणसं आहेत. असईत रडायचं कुणासाठी? शिंदे आणि भोसले लवकरच रणातून निघून गेले. तोफांजवळ उभे राहून मेले त्या गोलंदाजांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. नाव नसलं की तिथीही राहत नाही. नेपोलियननं वेलिंग्टनला शिपायांचा सेनापती म्हणून हिणवलं, असं सांगतात. त्यातले ते शिपाई, दोन्हीकडचे, आमच्या शिवारातच आहेत.

निघताना हायलंडरला दारातल्या गोळ्याचं सांगितलं. तो ताडकन उभा राहिला. घेर मोजून सांगा, म्हणाला. उद्या दुपारपर्यंत इथे आहे.

सहावा दिवस, रविवार

सकाळी प्लांसनुआला गेलो. प्रशियन आणि फ्रेंच इथे चर्चभोवती घराघरांतून लढले. आता सुनसान गाव, खिडक्यांत जिरेनियम. तासाभरात परत.

रस्त्यात लेकीनं सांगितलं ते मात्र डोक्यातून जाईना. इथे हजारो माणसं मेली आणि हाडं मात्र फारच थोडी सापडतात. अलीकडे काही संशोधकांनी जुने कागद चाळून मांडलं की 1830 नंतर बीटाच्या साखरेचे कारखाने निघाले, त्यांना साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा लागायचा, आणि इथली पुरणं उकरून हाडं विकली गेली. मेलेल्यांचे दात तर लगोलग काढून कवळ्यांसाठी विलायतेत गेले होते. बायकोनं हातातल्या वाफलवरची साखर झटकली. मग खाल्लं.

बाराच्या सुमारास घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेतीन. बाबा ओसरीवरच होते.

"दाराजवळचा गोळा मोजायचाय, बाबा. टेप घ्या."

"कामून रे? इकायचाय का?"

"नाही हो. इथं एका माणसाला बघायचाय."

"तिकडं गोळे नाहीत व्हय?"

आई शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आली. बाबांनी गोळा उचलला, मांडीवर घेतला, चष्मा वर सरकवला. 28 सेंटिमीटर. परत मोजला. 28, जरासा कमीच. गंज धरून. हायलंडर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्यानं बाबांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला, कुठे शिकला कोण जाणे. बाबा त्याच्या घागऱ्याकडे बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले, "माणूसच आहे ना?"

हायलंडरनं काडतुसाच्या कागदावर भागाकार केला. 28 भागिले 3.14, म्हणजे 8.9. साडेतीन इंच. सहा पौंडी, म्हणाला. पावणेतीन किलोच्या आसपास भरेल. मी विचारलं, कुणाचा? त्यानं मान हलवली. सहा पौंडी तोफा वेलस्लीकडेही होत्या आणि शिंद्यांकडेही, कारण शिंद्यांच्या तोफा युरोपी मापावरच ओतलेल्या होत्या. नुसत्या गोळ्यावरून सांगता येणार नाही. सापडला त्या जागेवरून कदाचित येईल. नदीच्या कुठल्या अंगाला, गावापासून किती लांब?

मी बाबांना विचारलं, आजोबांना तो नेमका कुठे सापडला होता.

"पटाईच्या रानात. का मग बांधाच्या खाली, इहिरीकडं." त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ती सून होऊन आली तेव्हा गोळा दारातच होता. "सप्टेंबरात आलास की दाखवतो," बाबा म्हणाले, "आण्णाला ठाऊक असंल, त्याला इचारू."

तेवढ्यात तिकडे वारं सुटलं आणि ओसरीचं दार धाडकन आपटलं. "आता ठेवा तो परत," आई म्हणाली, आणि फोन बंद झाला.